समोर हार बांधू नये

झेंडू बाजारात आला की मला नाक धरून पळावंसं वाटतं. दसऱ्याच्या आधीच्या बाजाराला घाटंजीत पोत्यांनी फुलं उतरतात, बायका ती मुठीत दाबून ताजी आहेत का बघतात, आणि ज्याला आपल्या गॅरेजसाठी चार हार घ्यायचे असतात असा मी मागच्या गल्लीनं वळसा घालून जातो. बायको विचारते, तुम्हाला फुलांचं एवढं काय वावडं आहे. मी सर्दीचं सांगतो. सात वर्षांपासून मला दर दसऱ्याला सर्दी होते आणि ती बिचारी दर वर्षी मला आल्याचा चहा करून देते.

खरं म्हणजे हा हंगाम माझ्या आवडीचा. सोयाबीन निघालेलं असतं, रस्त्याच्या कडेनं थ्रेशरचा भुसा उडत असतो, वावरात कापसाची पहिली बोंडं फुटलेली असतात. वेचणी सुरू करताना वावरात दहीभात शिंपडायचा, त्या सीतादहीचा दिवस कोणता धरायचा याची घरोघरी बोलणी चाललेली असतात. माझ्या दारात ट्रॅक्टरांची रांग. ज्याला त्याला आपलाच आधी करून पाहिजे. ते ओरडतात, मी ओरडतो, चहा येतो, चहा पिऊन पुन्हा सगळे ओरडतो. ओरडण्यात माझा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नाही. माझं तोंड पुढं पळतं आणि डोकं मागून येतं, असं माझी आई म्हणायची. तिचं म्हणणं मी याच हंगामात एकदा पुरतं खरं करून दाखवलं.

यंदा डॉक्टरसाहेबांची लाल गाडी पुन्हा माझ्या शेडमध्ये आली. डॉक्टरसाहेब म्हणजे आमच्या गावातले लहान मुलांचे डॉक्टर. त्यांना जुन्या गाड्यांचा नाद. त्यांनी ही तीसेक वर्षांची, दोन सीटची, जमिनीला पोट टेकवून चालणारी जपानी स्पोर्ट्स कार पुण्याकडून आणली, तेव्हा गाव लोटलं होतं बघायला. बंद असताना तिला समोर दिवेच दिसत नाहीत. बोनेटच्या टोकाला नुसती दोन झाकणं. स्विच ऑटोवर ठेवला की दिवस मावळताना तिला आपोआप कळतं, झाकणं उघडतात आणि दोन दिवे वर येतात. उजेड झाला की पुन्हा खाली जाऊन बसतात. सुई टोचलेलं एखादं पोर रडं आवरेना झालं की डॉक्टरसाहेब त्याला बाहेर आणायचे आणि दिवे वर-खाली करून दाखवायचे. पोर रडायचं विसरून जायचं. त्याची आईही विसरून बघत राहायची.

आता ती गाडी पिकअपच्या मागं दोर लावून आली. डॉक्टरसाहेबांनी चालवणं केव्हाच सोडलंय, पुतण्या नेणार आहे म्हणे, आणि उजवा दिवा वर येत नाही. बघून द्या, एवढाच निरोप. बघतो म्हणालो.

त्या गाडीचे दिवे आणि सुखदेवभाऊ मला वेगळे काढता येत नाहीत. माझं गॅरेज इंजिनाचं. वायरिंगचं सगळं सुखदेवभाऊंकडे. एकाच शेडमध्ये, दारापाशी, त्यांचं टेबल बारा वर्षं होतं. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे, बारीक अंगाचे, चष्म्याला एका बाजूनं काळी टेप लावलेली. मी इंजिनाशी मारामारी करायचो, ते वायरशी बोलायचे. कुठं अडकली बाई तू, सांग ना, असं खरोखर बोलायचे. त्यांचं मुख्य हत्यार म्हणजे त्यांनी स्वतः केलेला टेस्ट लॅम्प: एक जुना बल्ब, दोन वायरी, एकीला चिमटा, दुसरीला सुई. चिमटा बॉडीला लावायचा, सुई वायरीत टोचायची, बल्ब लागला तर इथपर्यंत करंट येतो, नाही लागला तर मागं चला. आधी शोधायचं, मग कापायचं, हा त्यांचा नियम. मी आधी कापून मग शोधणारा. आमचं बारा वर्षं जमलं ते बहुतेक त्यामुळंच.

सात वर्षांपूर्वीच्या नवरात्रात त्या गाडीचा डावा दिवा बिघडला. अर्धा वर यायचा आणि तसाच पेंगायचा. गावात हसू झालं होतं. सुखदेवभाऊ तीन दिवस त्या झाकणापुढं उकिडवे बसून होते. फ्यूज बरोबर. स्विच दाबल्यावर मोटरला करंट सोडणारा रिले टिकटिक वाजत होता, म्हणजे तोही बरोबर. मोटरपर्यंत करंट येत होता. मग त्यांनी मोटर काढून तिचं पोट उघडलं. आत ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, आणि दिवा पूर्ण वर आला की मोटरला थांब म्हणून सांगणाऱ्या पितळी पट्टीवर काळं किटण. त्यांनी ते पॉलिश पेपरनं घासलं, नवं ग्रीस भरलं. प्रत्येक स्क्रू जेवणाच्या डब्याच्या झाकणात मांडून ठेवलेला, काढला त्याच क्रमानं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन्ही दिवे एकदम वर आले आणि एकदम खाली गेले. सुखदेवभाऊंनी दहा वेळा करून बघितलं. दहाव्या वेळी स्वतःशीच हसले. मी तेव्हा एका ट्रॅक्टरवाल्याशी भांडत होतो, तरी ते हसणं मला दिसलं होतं आणि अजून दिसतं.

दसऱ्याला सुखदेवभाऊ गॅरेजात कधीच नसत. घर बौद्ध. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्या दिवशी सगळं कुटुंब नागपूरला, दीक्षाभूमीवर. बिऱ्हाड बांधल्यासारखी भाकरीची गठुडी घेऊन निघायचे. येताना दर वर्षी माझ्या मुलीसाठी, रेवतीसाठी, तिथल्या दुकानातून एक पुस्तक आणायचे. मी पेढे आणा म्हणायचो. ते पुस्तकच आणायचे.

त्या वर्षी आदल्या दिवशी निघताना ते माझ्यापाशी आले. गाडी तयार आहे, उद्या डॉक्टरसाहेब पूजेला न्यायला येतील, देऊन टाका, असं म्हणाले. मग जाता जाता थांबले.

"भाऊ, फकत समोर हार-गिर बांधू नका. हे झाकण उठते. दोरा आत गेला तं मोटर गेली समजा."

मी हो म्हणालो. ऐकलं होतं का? ऐकलं होतं. तेवढं तरी आज खरं सांगू द्या.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या शेडचं रूपच पालटतं. फरशी धुतलेली, पोत्यावर पाने, हातोडे, जॅक, पक्कड, सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली, त्यांना हळद-कुंकू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ती विसाव्याला बसलेली. बाहेर गाड्यांची रांग, प्रत्येक गाडीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. सकाळी आलेली माणसं सोनं लुटायला सीमेकडं निघेपर्यंत हलत नाहीत. ट्रॅक्टरला हार बांधायला जाळी असते, जीपला असते, मोटारसायकलला हँडल. त्या लाल गाडीला समोर काहीच नाही. नाकच नाही तिला. मी मोठा हार हातात घेऊन तिच्यापुढं उभा राहिलो आणि बांधू कुठं हेच कळेना.

बायामाणसं बघत होती. सगळ्या गाड्यांना हार आणि गावातल्या सगळ्यात देखण्या गाडीला नाही, हे काही बरं दिसेना. मी बोनेट उघडलं, हाराच्या दोन्ही टोकांचा नायलॉनचा दोरा झाकणांच्या फटीतून आत घेतला आणि आतल्या लोखंडी दांड्यांना दोन पक्क्या गाठी मारल्या. मोटरचे दांडे होते ते. दिवा वर ढकलणारे. हे मला गाठ मारतानाही माहीत होतं. तरी वाटलं, पूजेचा हार आहे, त्यानं काय होणार. आणि आतल्या आत हेही वाटलं, सुखदेवभाऊंना काय कळतं हाराचं. हे दुसरं वाटलेलं मी फार वर्षं स्वतःपासूनच लपवून ठेवलं होतं.

पूजा झाली, नारळ झाला, प्रसाद वाटला. मावळतीला डॉक्टरसाहेब कुटुंबासह आले, आपट्याच्या पानांची जुडी हातात. स्विच ऑटोवर होता. ऊन कलतं झालं, गाडीला अंधार कळला आणि झाकणं उठली. उजवीकडची गाठ सुटली म्हणून उजवा दिवा वर आला. डावा हाराला ओढत अर्धा उठला आणि घुर्र करत थांबला. दोरा तुटला, हार खाली पडला, लोकांच्या पायांत आला. मोटर आत घुरघुरतच होती. जळक्याचा वास सुटला. मी बॅटरीचा चिमटा हातानं ओढून काढला तेव्हा ती गप्प झाली. एक दिवा सताड उघडा, एक अर्धवट. रांगेतलं कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच हसले. डॉक्टरसाहेबांचा चेहरा पडला. तीन दिवस गाडी तुमच्याकडे होती, काय केलं मग, असं त्यांनी विचारलं. शांतच विचारलं.

हार पायाखाली पडलेला होता. पूजेच्या हाराकडे बोट दाखवायला कोणी धजलं नसतं. आणि तो बांधणारा तर मीच होतो. आणि मी मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो:

"अर्धवट टाकून गेला तो. या लोकाइले दसऱ्याले नागपूरच दिसते, काम नाही दिसत."

बारा वर्षं ज्यांना अहो-जाहो केलं त्यांना मी त्या दिवशी तो म्हणालो. आणि या लोकाइले. मला कोणी हे बोलायला शिकवलं नव्हतं, आमच्या घरात असं बोलत नाहीत, असं मी पुढं कितीदा मनात घोळवलं. पण ते बाहेर आलं तेव्हा एकदाही अडखळलं नाही. घरात कुठंतरी ठेवलेली वस्तू गरजेला पटकन हाती लागावी तसं लागलं. गर्दीतल्या दोघा-तिघांनी माना हलवल्या. बाकीचे गप्प. गप्प राहणाऱ्यांनी मला अडवलं नाही हा राग मी काही दिवस बाळगला होता. कसली ही निलाजरी हुशारी.

हत्यारांना त्या दिवशी पोत्यावर बसवून ठेवायची रीत आहे. माझ्यासारख्याच्या जिभेलाही कुंकू लावून त्यांच्या ओळीत ठेवून द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोणी यायच्या आत, मी पाना उचलला आणि डावं झाकण उघडलं. दांड्याला पिवळा दोरा गच्च गुंडाळलेला. ग्रीसमध्ये झेंडूच्या पाकळ्या तळल्यासारख्या काळ्या पडलेल्या. मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतले तांब्याच्या तारेचे वेढे, जळून गेलेलं. मी दोरा ब्लेडनं कापला, पाकळ्या चिंधीनं पुसून काढल्या, आणि सगळं शर्टाच्या खिशात घातलं. नाल्यात फेकायचं ठरवून निघालो होतो, पण रस्त्यात ट्रॅक्टरवाला भेटला आणि दिवसभर तो दोरा माझ्या खिशातच राहिला. वाकलो की छातीला टोचायचा.

त्याच दिवशी डॉक्टरसाहेबांचा निरोप आला. त्यांच्या दवाखान्याची नवी इमारत होत होती. तिथला जनरेटर, इन्व्हर्टर, शिवाय ॲम्ब्युलन्सचं वायरिंग, हे सगळं सुखदेवभाऊंनी बघायचं असं ठरलेलं होतं. सुखदेवभाऊ महिनाभर त्याच आनंदात होते, पाटी रंगवायची म्हणत होते. निरोप असा की ते राहू द्या, यवतमाळहून कोणी चांगला माणूस बघतो. चांगला माणूस, हा शब्द निरोप्याचा होता की डॉक्टरसाहेबांचा, कोण जाणे. मी तो ऐकून घेतला आणि एक चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी सुखदेवभाऊ आले. गर्दीत बस मिळाली नव्हती, डोळे तांबारलेले. आधी पिशवीतून रेवतीसाठी जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश काढून माझ्या हातात दिला. ती सहावीत होती तेव्हा. मग त्यांना गाडी दिसली. गावातून येताना बाकीचंही कानावर आलं असणार, कारण त्यांनी मला काय झालं असं विचारलंच नाही. झाकण उघडून बराच वेळ आत बघत राहिले. टेस्ट लॅम्पसुद्धा काढला नाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाले,

"भाऊ, समोर काही बांधलं तं नव्हतं?"

माझ्या एका हातात शब्दकोश होता.

"नाही," मी म्हणालो.

बरं, म्हणाले ते. मोटर काढून टेबलावर घेतली आणि दोन दिवस बसून तिचं वाइंडिंग हातानं नव्यानं भरलं. गाडी डॉक्टरसाहेबांकडे गेली, दिवे छान चालले. पण जनरेटरचं काम काही परत आलं नाही. दिवाळी झाल्यावर सुखदेवभाऊंनी सांगितलं की फुलसावंगीला सासऱ्यांकडे जागा आहे, तिकडे दुकान टाकतो. मी म्हणालो, काहून बा, इथं काय कमी आहे. असं विचारायचीही मला लाज वाटली नाही. टेबल गेलं. फरशीवर टेबलाच्या चार पायांचे चार फिके चौकोन राहिले. तिथं मी टायर रचून ठेवले, तरी सफाई करताना ते दिसायचेच.

लाजेचं एक असतं. चूक करताना ती जवळपास नसते. ती नंतर येते, भलत्या वेळी येते. मुलीचं कौतुक ऐकताना येते. रेवती बोर्डात इंग्रजीला चांगले गुण घेऊन आली आणि पाहुण्यांना म्हणाली, सुखदेवकाकांच्या डिक्शनरीनं तारलं मला, तेव्हा मी पाणी पिण्याच्या निमित्तानं आत उठून गेलो. तिला माहीत होतं ते इतकंच की काका गाव सोडून गेले. काहून गेले असं तिनं एकदा विचारलं होतं. तिकडं धंदा बरा आहे, मी सांगितलं.

यंदाची गोष्ट. उजव्या दिव्यापुढं मी बसलो. मला वायरिंग येत नाही असं नाही, बारा वर्षं शेजारी बसून थोडं लागतंच. सुखदेवभाऊंनी मलाही एक टेस्ट लॅम्प करून दिला होता, तो शोधून काढला. फ्यूज बघितला, चांगला. रिलेवर बोट ठेवून स्विच दाबला, टिक वाजली. मोटरच्या वायरीत सुई टोचली, बल्ब लागला. म्हणजे करंट येतोय आणि मोटर फिरत नाही. मोटरच्या टोकाची रबरी टोपी काढून आतली चकती हातानं फिरवली, दिवा मुकाट वर आला, म्हणजे अडकलेलं काही नाही. मग चिमटा बॉडीवरून काढून मोटरच्या अर्थिंगच्या वायरीला लावला आणि बल्ब गेला. सापडलं. बॉडीला जिथं ती वायर कसली होती तिथं गंजाचा खपला धरला होता. घासून कसली की झालं. पाऊण तासाचं काम. मला उगीच बरं वाटलं, सुखदेवभाऊ असते तर म्हणाले असते, कापलं नाही ना काही, मग बरं.

डाव्या बाजूची वायर कशी कसली आहे ते ताडून बघावं म्हणून डावं झाकण उघडलं. मोटर त्यांनीच भरलेली. झाकणाच्या आतल्या बाजूला, जिथं मेकॅनिकशिवाय कोणाची नजर जात नाही तिथं, पांढऱ्या ऑइलपेंटनं बारीक ब्रशची अक्षरं होती. मोटरींवर नंबर टाकायचे ती त्यांची सरळ, शाळेतल्यासारखी अक्षरं.

समोर हार बांधू नये. दोरा आत जातो.

खाली दांड्याकडे दाखवणारा एक छोटा बाण. माझं नाव नाही, टोमणा नाही. पुढं कोणी ही गाडी उघडेल त्याच्यासाठी लिहिलेलं, बस. मी दांड्याखाली वाकून बघितलं. गाठीचा एक तुकडा, नखाएवढा, पिवळा, दांड्याच्या बेचक्यात अजून होता. मी घाईत पुसलं होतं, त्यांनी उजेडात बघितलं होतं. म्हणजे त्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना सगळं दिसलेलं होतं. ते मला विचारत नव्हते. खरं बोलून टाक, इतकंच म्हणत होते. आणि मी हातात त्यांचं पुस्तक धरून नाही म्हणालो होतो.

संध्याकाळी मी डॉक्टरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. दार लावून घेतलं. सुखदेवभाऊंबद्दल बोलायचं आहे म्हणालो. कोण सुखदेव, ते म्हणाले. गाडीच्या दिव्यांचं काम केलं होतं ते, मी म्हणालो. त्यांनी चष्मा वर सरकवला, आठवलं, आणि म्हणाले, हां, तो अर्धवट टाकून नागपूरला गेला होता तो ना?

माणसाचं नाव गेलं होतं. माझं वाक्य जसंच्या तसं राहिलं होतं. मी दोऱ्याचं सगळं सांगितलं. ते हसले, अहो सात वर्षं झाली, सणाचा हार होता, कोणाकडूनही होतं, म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली. मी बाहेर आलो. ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं म्हणून मी बळेच तसं वाटून घेतलं.

दोन दिवसांनी एसटीनं फुलसावंगी गाठली. बस थांब्याजवळच दुकान आहे, विहिरीवरच्या मोटरी भरायचं. सुखदेवभाऊंचे केस पांढरे झालेत, चष्म्याला टेप नाही. ते तांब्याची तार गुंडाळत होते, वेढे मोजत होते. मोजणं संपेपर्यंत मी उभा. मग त्यांनी स्टूल सरकवलं, चहा सांगितला आणि म्हणाले, झाकण उघडलेलं दिसते. मी एका दमात सांगितलं. हार मी बांधला, दोरा मी लपवला, तुमच्याशी खोटं बोललो. सांगताना रडू आलं, आणि त्याचीही लाज वाटली, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

"डॉक्टरले सांगतलं?"

"सांगतलं."

"कुठी?"

"त्याइच्या केबिनीत."

"अजून कोण होतं तिथी?"

"कोणी नाही. आमी दोघंच."

त्यांनी तारेचं टोक वाकवून खाचेत बसवलं.

"दसऱ्याले तं पन्नास-साठ लोक होते म्हने. अन् भाऊ, दोऱ्याचंच सांगतलं, का दुसरंही?"

दुसरं, म्हणजे ते 'या लोकाइले', मी डॉक्टरसाहेबांनाही सांगितलं नव्हतं आणि सुखदेवभाऊंनाही आत्ता सांगितलं नव्हतं. दोरा म्हणजे चूक, ती कोणाकडूनही होते. दुसऱ्याला चूक म्हणता येत नाही. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. रेवती काय शिकते ते विचारलं. यवतमाळला बी.एस्सी. करते म्हणालो. मला बसपर्यंत सोडायला आले, खिडकीजवळची जागा धरून दिली. ते रागावले असते तर मला परतीचा प्रवास सोपा गेला असता.

काल दसरा झाला. सुखदेवभाऊ नागपूरला होते, त्यांना काही ऐकू येणार नव्हतं, आणि तेच ठीक होतं. त्यांना दाखवायला म्हणून बोललो असतो तर तेही पुन्हा माझ्याच कामाचं झालं असतं. शेड धुतलेली, हत्यारं पोत्यावर, पन्नासाच्या वरच माणसं. डॉक्टरसाहेब ॲम्ब्युलन्सच्या पूजेला आलेले. रेवती सुटीला आलेली, ताट धरून माझ्या शेजारी उभी. लाल गाडीला या खेपेला नुसतं कुंकू लावलं. हार कुठं आहे असं कोणीतरी विचारलं, आणि मी नारळ खाली ठेवून बोललो.

मोठ्यानं बोललो. आवाज तेवढाच काढला जेवढा सात वर्षांपूर्वी काढला होता. हार कोणी बांधला, दोरा कोणी लपवला, सुखदेवभाऊंचं काम किती चोख होतं, आणि मग ते वाक्य, जसं बोललो होतो तसं. ते खोटं होतं आणि घाण होतं, माणूस आपल्या सणाला गेला होता, मीही माझ्याच सणाला उभा होतो, हेही बोललो. बोलून झाल्यावर काही झालं नाही. एक जण म्हणाला, सणासुदीच्या दिवशी कायले जुनं काढता भाऊ. डॉक्टरसाहेब मोबाइलमध्ये बघत होते. कोणीतरी नारळ उचलून फोडला. प्रसाद वाटला गेला. लोकांना पेढा हातात पडला की बरं वाटतं.

मावळतीला सोनं द्यायची वेळ झाली. लहान-थोर आपट्याची पानं घेऊन आले, पाया पडले, मी डोक्यावर हात ठेवत गेलो. लाल गाडीला अंधार कळला, दोन्ही दिवे एकदम वर आले, पोरांनी टाळ्या वाजवल्या. रेवती दर वर्षी पहिली येते. या वेळी ती सगळ्यांच्या शेवटी आली. पानं तिच्या मुठीत होती. ती वाकली नाही, पानंही दिली नाहीत.

"बाबा, काकांचा नंबर द्या," म्हणाली.

मी दिला. ती टायरांच्या थप्पीपाशी, जिथं ते टेबल होतं तिथं, पाठ करून उभी राहिली आणि फोन लावला. बराच वेळ बोलत होती. काय बोलली ते मी विचारलं नाही.